सहा सेकंदांची गाडी

मुंबईहून मडगावला जाणारी वंदे भारत वीर स्टेशनावरून जाताना किती वेळ दिसते, ते गेल्या हिवाळ्यात मी मोजलं. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या बऱ्याच मागे उभा होतो. तोंडाचा डबा समोर आला तेव्हा मोजायला सुरुवात केली, शेवटचा डबा गेला तेव्हा सहा झाले होते. आठ डबे, सहा सेकंद. काचेआड माणसं आहेत एवढंच कळलं, चेहरा एकही नाही. मागोमाग वाऱ्याचा लोट आला आणि बाकड्याशेजारच्या टोपलीवर झाकलेला वर्तमानपत्राचा कागद उडून रुळांत गेला. टोपलीत वालाच्या शेंगा होत्या. टोपली ज्यांची होती त्या मावशींनी पदर काढून शेंगांवर पसरला आणि मला विचारलं, "दादा, दिव्याची गाडी कधी हाय?"

दिव्याची गाडी म्हणजे रत्नागिरीहून दिव्याला जाणारी पॅसेंजर. कोविडच्या आधी ती दादरपर्यंत जायची. आता दिव्यालाच थांबते आणि पुढे मुंबईला जाणाऱ्याने गाठोडी सावरत लोकल पकडायची. मावशींना कल्याणला लेकीकडे जायचं होतं, त्यामुळे त्यांना दिवाच सोयीचं होतं. त्या आल्या होत्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून.

महाडला रेल्वे आहे असं नकाशात दिसतं, पण महाड शहराला रूळ शिवत नाहीत. महाडचं स्टेशन म्हणजे वीर. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, गोव्याच्या रस्त्यालगत. वीर, सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे अशी चार स्टेशनं तालुक्यात घेऊन गाडी नातूवाडीच्या बोगद्यातून खेडकडे उतरते. पोलादपूर तालुक्यात मात्र एकही स्टेशन नाही. एका बाजूला कशेडी घाट, दुसऱ्या बाजूला आंबेनळी घाट आणि मधे सावित्रीचं खोरं. रूळ यातलं काहीच न ओलांडता पश्चिमेकडून निघून गेले. पोलादपूरचा माणूस आधी एसटीने महाडला येतो, तिथून एसटी नाहीतर मिनिडोर रिक्षा पकडून वीर गाठतो, आणि मग त्याचा रेल्वेप्रवास सुरू होतो.

गणपतीत घर भरलं की आमच्याकडे हटकून एक विषय निघतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन होते आहे, मग मुंबई-गोवा का नको? कोकणाने काय घोडं मारलंय? तरुण पोरं हिरिरीने बोलतात आणि त्यांचं मला पटतंही. आज या पट्ट्यासाठी मंजूर झालेला असा कोणताही बुलेट ट्रेनचा प्रकल्प नाही. पण मागणी आहे, भाषणांत तिचा उल्लेख होतो, आणि कोकण रेल्वेसुद्धा अशीच आधी मागणी होती, मग भाषणं झाली आणि शेवटी रूळ झाले. म्हणून रूळ यायच्या आधीच आपल्याला काय हवंय ते नीट ठरवलेलं बरं.

•

कोकण रेल्वेची आठवण आमच्या पिढीला स्वच्छ आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष झाले. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तिचे रूळ अखेर पडू लागले. १९९३ च्या जूनमध्ये रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. काही काळ वीर हेच उत्तरेकडच्या रेल्वेचं शेवटचं टोक होतं. वडील तेव्हा लालबागच्या गिरणीत होते. गिरणी कामगारांच्या संपानंतर ती कशीबशी चालू होती. ते पहिल्यांदा रेल्वेने वीरला उतरले तेव्हा आम्ही त्यांना आणायला गेलो होतो. डोक्यावर पत्र्याची पेटी आणि तोंडभर हसू. एसटीच्या रात्रभराच्या धक्क्यांनी त्यांची कंबर धरायची, त्या दिवशी मात्र ते ताठ चालत आले. रेल्वे म्हणजे काय, हे मला त्या चालीवरून कळलं.

रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग १९९८ च्या २६ जानेवारीला वाहतुकीला खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, शेकडो पूल. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी त्यात गेल्या. हे सारं आठ वर्षांत झालं. वळणं आणि चढ असे बेतले की पुढे ताशी १६० च्या वेगाने गाडी धावावी. म्हणजे वेगाचं स्वप्न आपल्याकडे नवं नाही, ते या रुळांच्या आखणीतच होतं. प्रत्यक्षात गाड्या १२० च्या आत धावतात आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की त्याहून कमी. वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत मडगावला पोहोचते, पावसाळ्यात तिला दहा तास लागतात.

याचं कारण डोंगरात आहे. २००४ च्या १६ जूनला मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांवर आदळून पुलावरून घसरली. आदल्याच वर्षी वैभववाडीजवळ तसंच झालं होतं आणि पन्नासहून अधिक माणसं गेली होती. त्यानंतर डोंगराच्या कापलेल्या बाजू उतरत्या केल्या, जाळ्या बांधल्या आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला. रात्रीच्या पावसात रेनकोट घालून, हातात कंदील-बॅटरी घेऊन रूळ तपासत चालणारे गस्तीवाले करंजाडी-विन्हेरेकडच्या माणसांना ओळखीचे आहेत. त्यांच्यातले कित्येक याच गावांतले. कोकणातला वेग शेवटी त्या चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. ताशी ३२० ची गाडी आणायची, तर आधी डोंगर काय म्हणतो ते ऐकावं लागेल.

•

आता हिशेब. मावशी पहाटे निघाल्या. वाडीतून सडकेपर्यंत चालत, सडकेवरून एसटीने पोलादपूर, तिथून महाड, महाडहून वीर. यात दोन-अडीच तास जातात, एसटी चुकली तर त्याहून जास्त. वीर ते दिवा साधारण दीडशे किलोमीटर. पॅसेंजरला क्रॉसिंग धरून साडेतीन-चार तास लागतात. पुढे लोकल.

हेच दीडशे किलोमीटर बुलेट ट्रेनच्या वेगाने पाऊण तासात होतील. म्हणजे तीन तास वाचले. हा फायदा छोटा नाही. ज्याला डायलिसिससाठी महिन्यातून एकदा नाही, तर आठवड्यातून तीनदा जायचं असतं, त्याच्यासाठी हे तीन तास म्हणजे आयुष्य आहे. ज्या मुलीला मुंबईत शिकायचं आहे पण वसतिगृह परवडत नाही, तिच्यासाठीही. म्हणून बुलेट ट्रेन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं एका वाक्यात झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. डोंगरातल्या माणसाचा वेळ स्वस्त आहे असं त्यांच्या बोलण्यात नकळत येतं.

पण वाचलेले हे सगळे तास एका अटीवर अवलंबून आहेत. गाडी वीरला थांबली पाहिजे. ती पनवेलला थांबून थेट रत्नागिरीला जाणार असेल, तर मावशींचा एक मिनिटही वाचत नाही. आजची वंदे भारत दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवी इथे थांबते. पनवेल ते खेड या पट्ट्यात, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या सगळ्या दक्षिण भागात तिला थांबा नाही. २०२३ च्या २७ जूनला ती सुरू झाली आणि तेव्हापासून माणगाव, वीरवरून ती फक्त जाते.

यात कुणाचा दुष्टावा नाही, तो वेगाचाच स्वभाव आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गाचंच बघा. ५०८ किलोमीटर आणि १२ स्टेशनं. मोजक्याच ठिकाणी थांबणारी गाडी हे अंतर २ तास ७ मिनिटांत कापेल आणि सगळीकडे थांबणाऱ्या गाडीला जवळजवळ तीन तास लागतील असं आखलं आहे. म्हणजे एक थांबा वाढला की सहा मिनिटांच्या वर जातात. ३२० च्या वेगातून थांबायला आणि पुन्हा तो वेग धरायला तेवढं लागतंच. गाडी जितकी वेगवान, तितका थांबा महाग. आणि थांबा कापायची वेळ आली की पहिला बळी लहान गावाचा जातो. महाराष्ट्रात त्या मार्गाचे सुमारे १५६ किलोमीटर आहेत आणि स्टेशनं चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. डहाणू-तलासरीच्या आदिवासी गावांची जमीन गेली, पण त्यांचं स्वतःचं स्टेशन नाही. पालघरच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले त्यामागे जमिनीचं दुःख होतंच. त्यासोबत हेही होतं, की आपल्या शेतावरून जाणारी गाडी आपली नाही.

•

जपानने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. १९६४ च्या १ ऑक्टोबरला टोकियो ते ओसाका शिंकान्सेन सुरू झाली तेव्हापासून एकाच रुळावर दोन तऱ्हेच्या गाड्या धावताहेत. 'हिकारी' म्हणजे प्रकाश, ती मोजक्या ठिकाणी थांबायची. 'कोडामा' म्हणजे प्रतिध्वनी, ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. पुढे 'नोझोमी' आली, हिकारीहूनही वेगवान. लहान स्टेशनावर कोडामा बाजूच्या रुळावर उभी राहते, मधल्या रुळावरून नोझोमी सुसाट जाते, मग कोडामा निघते. क्रॉसिंगला उभं राहणं आपल्याला नवं नाही. फरक एवढाच, की तिथे ते मिनिटांच्या हिशेबाने आखलेलं असतं आणि लहान गावातल्या माणसाला त्याची गाडी नक्की मिळते.

स्पेनचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. १९९२ साली माद्रिद ते सेव्हिल वेगवान रेल्वे सुरू झाली आणि वाटेतल्या सियुदाद रेआल या छोट्या शहराला थांबा मिळाला. लोकवस्ती लाखाच्या आत. तिथून माद्रिद तासाभराच्या आत आलं आणि माणसं गावात राहून राजधानीत नोकरीला जाऊ लागली. महाडच्या बाबतीत असं झालं तर? आमच्या वाडीत दर तीन घरांपैकी दोन घरांना कुलूप असतं. गणपती आणि शिमग्याला ती उघडतात, आठवडाभर दिवे लागतात, पुन्हा बंद. घरच्या माणसाला रात्री परत येता येईल एवढी वेगवान गाडी असेल, तर त्यातली थोडी तरी कुलपं कायमची निघतील. बुलेट ट्रेनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट मांडायला हवी. विमानाला ती किती मागे टाकेल हे आमच्या कामाचं नाही.

मात्र त्याच युरोपात फ्रान्सच्या उत्तरेला बीटाच्या शेतांमधे १९९४ मध्ये एक स्टेशन उभं राहिलं. आमिएँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध, दोन्हींपासून लांब. लोक त्याला बीटरूटचं स्टेशन म्हणू लागले. वेगाचे रूळ सरळ हवेत म्हणून ते शहरात शिरत नाहीत, स्टेशन शेतात पडतं आणि तिथे पोहोचायला पुन्हा गाडी लागते. वीरला उतरून महाडला जायला मिनिडोर शोधणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बुलेट ट्रेनचं वळण तर कोकण रेल्वेच्या वळणापेक्षाही किती तरी मोठं लागतं. कोकण रेल्वेची सर्वांत कडक वळणं सव्वा किलोमीटर त्रिज्येची, ३२० च्या वेगाला चार किलोमीटर किंवा अधिक त्रिज्या हवी. शिवाय मुंबई-अहमदाबाद मार्ग स्टँडर्ड गेजचा आहे, आपले रूळ ब्रॉडगेज. म्हणजे जुन्या रुळांवर ती गाडी येऊच शकत नाही. सगळं नवं: नवी जमीन, नवे बोगदे, नवी स्टेशनं.

पैशाचा हिशेबही एकदा समोर ठेवू. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा मंजुरीच्या वेळचा अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. त्यातला मोठा वाटा ०.१ टक्के व्याजाच्या, पन्नास वर्षं मुदतीच्या जपानी कर्जाचा. दुसरीकडे, रोहा ते वीर हा ४६.८ किलोमीटरचा पट्टा २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुपदरी झाला, खर्च सुमारे ५३० कोटी. किलोमीटरला अकरा कोटींच्या आसपास. वर्षं वेगळी, भूभाग वेगळा, ही तुलना काटेकोर नाही हे मला मान्य आहे. पण एका बुलेट किलोमीटरच्या पैशात साध्या दुसऱ्या रुळाचे अठरा-एकोणीस किलोमीटर होतात, एवढं तरी त्यातून दिसतं. आणि वीरच्या दक्षिणेला आजही बहुतेक ठिकाणी एकच रूळ आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी स्टेशनात उभी. राजधानी, वंदे भारत, तेजस जाऊ द्यायच्या, मालगाडी जाऊ द्यायची, आणि सगळ्यांत शेवटी पॅसेंजर सोडायची. पॅसेंजरचा उशीर गाडीच्या वेगामुळे होत नाही, तो उभं राहण्यामुळे होतो.

म्हणून माझं मत असं, की वीर ते गोव्यातलं वेर्णा हा दुसरा रूळ हा आमचा पहिला बुलेट प्रकल्प आहे. तो झाला, की याच आखणीवर १६० चा वेग गाठायचा विचार करता येईल, आणि पॅसेंजरही वेळेवर येईल.

•

पण या सगळ्यांपेक्षा मला जास्त सांगायचंय ते दासगावबद्दल.

दासगाव महाडच्या पश्चिमेला, सावित्रीच्या खाडीकाठी. रस्ते नव्हते तेव्हा महाडचं दार म्हणजे दासगाव. बाणकोटहून भरतीसोबत गलबतं वर यायची आणि इथे माल उतरायचा. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघाले, तेव्हा वाटेतल्या मोटारवाल्यांनी सत्याग्रहींना नेण्यास नकार दिला होता. म्हणून ते बोटीने आले, दासगावला उतरले आणि तिथून सत्याग्रही पायी महाडला गेले. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. वाहन कुणाला मिळतं, कुणासाठी थांबतं, हा प्रश्न महाडच्या मातीत केव्हाचा आहे. बुलेट ट्रेनच्या चर्चेत मला दासगाव आठवतं त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण पाण्याचं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि घाट उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. वरती महाबळेश्वर म्हणजे देशातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथे पडलेलं पाणी काही तासांत महाडच्या बाजारपेठेत येतं. गांधारी, काळ या नद्यांचंही पाणी याच भागात येतं. त्यात भरतीची वेळ असली की खाडी पाणी घेत नाही. आणि याच खाडीच्या काठाने, दासगावजवळ, कोकण रेल्वेचा मातीचा भराव आहे.

२०२१ च्या २१ आणि २२ जुलैला महाडमध्ये जे झालं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. माझ्या चुलतभावाचं घर बाजारपेठेत आहे. तळमजल्यावर दुकान, वर घर. पाणी पायऱ्या चढत वर येऊ लागलं तेव्हा त्यांनी आधी तांदळाची पोती वर नेली, मग देव, मग म्हाताऱ्या काकूंना. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून हात घालून पाण्याला स्पर्श करता येत होता. तो म्हणतो, आवाज सगळ्यात वाईट होता, खालच्या दुकानातली कपाटं एकमेकांवर आपटत होती. नंतर आठवडाभर सगळं गाव चिखल उपसत होतं. २२ च्या संध्याकाळी, महाड पाण्याखाली असताना, तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. रस्ते बंद, फोन बंद, मदत पोहोचायला कित्येक तास लागले. पोलादपूर तालुक्यात साखरची सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. २००५ च्या जुलैत जुई, कोंडिवते, रोहन आणि खुद्द दासगाव इथे दरडींखाली गेलेल्यांची नावं अजून गावागावांत घेतली जातात.

त्या पुरानंतर महाडकरांनी एक मागणी जोरात लावून धरली. दासगावजवळचा रेल्वेचा भराव पाण्याला आडवा येतो. तिथे जास्तीच्या मोऱ्या काढा, भरावाच्या जागी कमानी करा. सोबत सावित्रीतला गाळ आणि नदीत साचलेली बेटं काढायचीही मागणी होती आणि गाळ काढण्याचं काम २०२२ पासून झालं. भरावामुळे पाणी नेमकं किती फुगतं याचं गणित जलतज्ज्ञांनी मांडावं. पण पावसात दासगावला उभं राहिलं तर साध्या माणसालाही एक गोष्ट दिसते. खाडीच्या रुंद पात्राला त्या मातीच्या लांब बांधातून मोजक्याच दारांनी बाहेर पडावं लागतं. ज्या रेल्वेने माझे वडील ताठ चालत घरी आले, तिच्याच भरावाकडे बोट दाखवून माझा चुलतभाऊ बोलतो. दोघंही खरं बोलतात.

आता याच्याशेजारी केरळ ठेवा. तिरुवनंतपुरम ते कासारगोड ५३० किलोमीटरची सिल्व्हरलाइन नावाची वेगवान रेल्वे तिथल्या सरकारने आखली, खर्च सुमारे ६४ हजार कोटी. २०२१-२२ मध्ये पिवळ्या रंगाचे सर्वेक्षणाचे दगड गावांत रोवले जाऊ लागले तेव्हा बायकांनी ते उपटून टाकले. विरोधाचं एक मोठं कारण होतं भराव. मार्गाचा बराच भाग मातीच्या बांधावरून जाणार होता, आणि २०१८ चा महापूर लोकांच्या अंगावर ताजा होता. त्या योजनेवर टीका करणाऱ्यांत कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन स्वतः होते. भरावामुळे राज्याचे दोन तुकडे पडतील आणि पाण्याची वाट अडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या माणसाने कोकणातले भराव घातले त्याने हे म्हणावं, याला वजन आहे.

भरावाला पर्याय आहे आणि तो या पावसाळी मुलखात उपयोगाचा आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा नव्वद टक्के भाग खांबांवरून जातो आणि त्याला जमिनीची पट्टी साधारण साडेसतरा मीटर पुरते. खांबांखालून पाणी जातं, गुरं जातात, शेताचा बांध राहतो. चौपदरी रस्त्याला यापेक्षा कितीतरी रुंद जमीन लागते. म्हणजे जमीन आणि पाणी या दोन्ही बाबतीत नीट बांधलेली रेल्वे महामार्गापेक्षा हलक्या पावलांची आहे. पण खांब सावित्रीच्या पूररेषेत कुठे उभे करायचे, आणि डेपो कुठे, हे सगळ्यात आधी ठरलं पाहिजे. जपानसारख्या देशाकडूनही इथे चूक झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हागिबिस चक्रीवादळात चिकुमा नदीने नागानोजवळचा बांध फोडला आणि शिंकान्सेनच्या दहा गाड्या, एकूण १२० डबे, डेपोत उभ्या उभ्या बुडाल्या. त्या पुढे सगळ्या मोडीत काढाव्या लागल्या. डेपो पूरक्षेत्रातच बांधलेला होता. त्या बुडालेल्या गाड्यांचं छायाचित्र मी पाहिलं तेव्हा मला महाडचं एसटी स्टँड आठवलं.

•

रस्त्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय रेल्वेचा विचार पुरा होत नाही. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. त्यासोबत दोन एसटी आणि इतर वाहनं गेली. कित्येक दिवस खाडीत शोध चालू होता. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणलं तर काम किती लवकर होतं, हे महाडने तेव्हा पाहिलं. आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, ते गणपतीच्या प्रत्येक फेरीत अजून चर्चेत असतं, हेही महाडच बघतंय. २०१८ च्या जुलैत आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेहतीस जण गेले, एकजण वाचला. घाटाच्या रस्त्यावर घरातलं माणूस प्रवासाला गेलं की फोन येईपर्यंत इथल्या बायांच्या जिवात जीव नसतो. शिंकान्सेनमध्ये साठ वर्षांत टकरीने किंवा गाडी घसरून एकही प्रवासी दगावलेला नाही. हे वाचलं की आमच्यासारख्याला वेगापेक्षा तेच हवंहवंसं वाटतं.

कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत. गाडीवाले पहिल्यांदा त्यातून बाहेर आले तेव्हा हॉर्न वाजवत होते. वेगाचा आनंद खरा असतो, तो मी नाकारत नाही. मात्र कशेडीने खेडकरांचं अंतर कमी केलं, पोलादपूर घाटाच्या अलीकडेच राहिलं.

जमिनीचं दुखणं वेगळं आहे. आमच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. त्यातली नऊ मुंबईत, दोन बडोद्यात, चार जण वारलेले आणि वारस नोंद व्हायची राहिलेले. पाच गुंठे भात आणि वरच्या अंगाला वरकस. अशा जमिनीचा मोबदला येतो तेव्हा तो सव्वीस वाटण्यांत फुटतो आणि कुणालाच नवी जमीन घेता येत नाही. कोकण रेल्वेच्या प्रकल्पग्रस्तांच्या संघटना नोकरीचा हक्क मागत आजही उभ्या आहेत. महाडला एमआयडीसी आली, माणगावकडे औद्योगिक पट्टा आखला गेला. रेल्वेची नुसती कुणकुण लागली तरी बाहेरचे दलाल सातबारे गोळा करायला येतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पैसे किती, यापेक्षा जमिनीच्या बदल्यात जमीन, स्टेशनातले गाळे, आणि कामावर घेतलेली गावातली पोरं, हे लेखी आधी ठरायला हवं.

चीनने २०२४ च्या अखेरीपर्यंत ४८ हजार किलोमीटर वेगवान रेल्वे बांधून जगाला मागे टाकलं. पण त्याच चीनने डोंगराळ, गरीब भागांतल्या सावकाश गाड्या बंद केल्या नाहीत. अशा ८१ जोड्या मुद्दाम चालू ठेवल्या, जुन्याच तिकिटात. शेतकरी त्यात कोंबड्या, भाजी घेऊन बाजाराला जातात. आपल्याकडे उलटा अनुभव येतो. नवी गाडी आली की जुनीचा थांबा कमी होतो नाहीतर ती शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडेच थांबवली जाते. मुंबई-गोवा वेगवान रेल्वेची मागणी मी करीन तेव्हा तिच्यासोबत माझी यादी असेल: वीरला थांबा, वीर-महाड-पोलादपूर एसटी गाडीच्या वेळेला जुळलेली, खाडीत भराव नाही, आणि दादरपर्यंत जाणारी पॅसेंजर परत.

•

दिव्याची गाडी आली. लांबून हॉर्न वाजला तशी बाकड्यावरची माणसं उठली. मावशींनी पदर सावरला, शेंगांवर आता काही झाकलेलं नव्हतं. मी विचारलं, "मावशी, घरनं कधी निघालात?"

"कोंबडा आरवायच्या आधी," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हनते कशाला वझं आनतीस, कल्यानात सगलं मिलतं. पन आपल्या वालाची चव लागते का?"

गाडी थांबली. डबे भरलेले होते, दारात माणसं उभी होती. कुणीतरी आतून हात पुढे केला. आधी एक म्हातारे आजोबा चढले, मग एक बाई कडेवर मूल घेऊन, मग दोन पोरं दप्तरं घेऊन. मावशी पायरीवर चढल्या आणि वळल्या. मी टोपली उचलून दिली. वजन चांगलं दहा किलो असेल. आतल्या माणसाने ती डोक्यावरून पलीकडे सरकवली, दोन शेंगा फलाटावर पडल्या. मी त्या उचलून त्यांच्या हातात दिल्या तेव्हा गाडी अजून उभीच होती.